सिमेंटचे पत्रे, जुनी छपरे आणि ॲस्बेस्टॉस: गोव्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती घरमालक, भाडेकरू, सोसायटीचे पदाधिकारी आणि छपराची कामे घेणारे सुतार, वेल्डर, फॅब्रिकेटर यांच्यासाठी आहे. ॲस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटला बळकटी देण्यासाठी मिसळले जाणारे खनिजाचे बारीक तंतू. भर सिमेंटच्या पत्र्यांवर आहे, कारण गोव्यातल्या घरांत ॲस्बेस्टॉस सापडते ते बहुतेक वेळा तिथेच.

घराच्या मागच्या पडवीवर करडे सिमेंटचे पत्रे आहेत. ते ॲस्बेस्टॉसचेच समजायचे का?

तपासणी होत नाही तोवर हो, तसेच धरून चाला. जुन्या गोमंतकीय घराचे मुख्य छप्पर मंगळुरी कौलांचे असते. पत्रे येतात ते नंतरच्या जोडकामात: न्हाणीघर, मागचे स्वयंपाकघर, गाडीची शेड, गोठा, लाकडे आणि नारळाची सोडणे ठेवायची खोप. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्कोतल्या इमारतींच्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी घातलेली छपरेही याच जातीची असतात.

नालीदार पत्र्याची ठेवण ठरलेली आहे. जाडी सुमारे ६ मिमी, रुंदी १.०५ मीटर, एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत १४६ मिमी, लाटेची खोली ४८ मिमी. आता मात्र ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही अशाच आकारात मिळतात, त्यामुळे आकारावरून निकाल लागत नाही. पत्र्यावरचा शिक्का शोधा. 'आयएस ४५९' असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा, 'आयएस १४८७१' असेल तर ॲस्बेस्टॉसविरहित. शिक्का वरून पावसाने पुसला जातो, खालच्या बाजूला किंवा दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या झाकलेल्या भागात कधीकधी शाबूत सापडतो. कोपरा मोडून तंतू दिसतात का ते पाहू नका. तंतू मोकळे होतात ते नेमके मोडताना.

घर अलीकडचे आहे, मग काळजीचे कारण नाही ना?

युरोपातल्या माहितीपत्रकांत 'अमुक साली बंदी आली, त्यानंतरची इमारत सुरक्षित' असा हिशेब असतो. तो इथे लावू नका. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबले, पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची, म्हणजे क्रिसोटाइलची, आयात होत राहिली आणि त्यापासून पत्रे बनत राहिले. दहा वर्षांपूर्वी टाकलेल्या शेडमध्येही ॲस्बेस्टॉस असू शकते. वयाने एवढेच कळते की पत्रा किती झिजला असेल.

अशा पत्र्याखाली राहणे, झोपणे धोक्याचे आहे का?

अखंड, न झडणारा पत्रा डोक्यावर असल्याने घरातल्या हवेत तंतूंचे प्रमाण फारसे वाढत नाही. पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण ८ ते १० टक्के असते आणि ते सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असते. धोका सुरू होतो तो पत्रा कापला, भोसकला, घासला, फोडला की, किंवा वर्षानुवर्षांच्या पावसाने वरचे सिमेंट धुऊन गेले की. तंतू इतके बारीक असतात की उन्हाच्या तिरिपेत दिसणारी धूळ त्यापुढे जाडीभरडी. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि पुरते बाहेर पडत नाहीत.

त्यातून होणारे मुख्य आजार तीन: फुफ्फुस घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा. ते दिसायला दहा-वीस, कधी चाळीस वर्षेही लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे सिद्ध पदार्थ या गटात, ठेवले आहे. 'पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते' असे दुकानात ऐकाल, ते सोडून द्या. उलट 'पत्र्याखाली राहणारा प्रत्येक जण आजारी पडतो' हेही खरे नाही. किती तंतू आणि किती वर्षे श्वासात गेले यावर धोका ठरतो, म्हणून सर्वांत जास्त झळ रोज पत्रे कापणाऱ्या माणसाला बसते.

पत्र्यांखेरीज घरात, शाळेत, कारखान्यात ते आणखी कुठे असू शकते?

गच्चीचे पाणी उतरवणारे करडे सिमेंटचे पाईप आणि त्यांचे बाक. जुन्या सिमेंटच्या टाक्या. सपाट सिमेंट बोर्डाची खोटी छते आणि पार्टिशन. जुन्या मेन स्विचजवळच्या चिनी मातीच्या कटआउटमधली (फ्यूजमधली) पांढरी विणलेली पट्टी. शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची, मध्ये पांढरा गोल असलेली तारेची जाळी. ही जाळी जुनी आणि झडणारी असेल तर ओली करून पिशवीत बंद करा आणि सिरॅमिकची घ्या. खर्च किरकोळ आहे आणि ती मुलांच्या हाताळण्यात येते.

खरी चिंतेची जागा वेगळी: जुन्या बॉयलरचे, वाफेच्या नळांचे आणि जहाजांच्या इंजिनरूमचे मऊ आवरण, दोऱ्या आणि गॅस्केट. यांत ॲस्बेस्टॉस सिमेंटने बांधलेले नसते, बोटाने दाबले तरी भुकटी होते. असे काही दिसले तर हात न लावता खोली बंद करा. ते काम प्रशिक्षित एजन्सीचेच.

खात्री करायची तर नमुना कसा घ्यायचा?

आधीच तडकलेला, सुटा झालेला तुकडा असेल तर तोच द्या, नवे भोक पाडू नका. अंगठ्याच्या नखाएवढे दोन तुकडे पुरतात. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घ्या. साबणामुळे पाणी वर न थांबता आत मुरते. जागा भिजवा, पकडीने तुकडा सोडवा, झिप पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत बंद करा. पकड ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकेही बंद पिशवीतच टाका. उघड्या कडेवर ॲक्रिलिक सीलंट किंवा रंगाचा जाड हात द्या.

चाचणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, याची मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. तिच्या मान्यतेच्या यादीत घन नमुन्यातील ॲस्बेस्टॉसची तपासणी आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघा. पाण्याची चाचणी करणारी प्रयोगशाळा ही चाचणी करतेच असे नाही. दोन-चार पत्र्यांचाच प्रश्न असेल तर तपासणीचा खर्च वाचवून ते ॲस्बेस्टॉसचेच धरून काम करणे सरळ पडते.

पत्रे अजून ठीक आहेत की काढायच्या लायकीचे झालेत, हे कसे ठरवायचे?

पाऊस संपला की नोव्हेंबरात, खालून, टॉर्च घेऊन बघा. वर चढू नका. खालच्या बाजूला ओलीचे काळे डाग असतील पण पृष्ठभाग कडक असेल, तर तो फक्त पाणी शोषतोय. बोल्टपासून लाटेच्या दिशेने निघालेली चीर, निखळलेले कोपरे, पांढरट लव आल्यासारखा दिसणारा पृष्ठभाग, ही सिमेंट धुऊन गेल्याची लक्षणे. पन्हळीत आणि वळचणीखाली, जिथे पागोळ्या पडतात तिथे, करडा बारीक गाळ साठत असेल तर पत्रा झिजतोय हे नक्की. तो गाळ ओला असतानाच उचला आणि पिशवीत बंद करा. सुकल्यावर झाडूने लोटला तर सगळे तंतू हवेत.

चीर नाही, लव नाही, गाळ नाही: राहू द्या. दर वर्षी त्याच सुमारास, त्याच कोनातून एक फोटो काढून ठेवा. चीर वाढली की नाही हे आठवणीवर सोडण्यापेक्षा ते बरे.

पावसाळ्यापूर्वी पत्र्यांवरचे शेवाळ काढतो. त्यात काय चुकते?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो. शेवाळ येणारच. मे महिन्यात ते वाळून पापुद्रे धरते आणि नेमके तेव्हाच लोक तारेचा ब्रश किंवा प्रेशर वॉशर घेऊन वर जातात. आमच्या मते घरगुती पातळीवरचा हा सर्वांत वाईट प्रकार आहे. शेवाळाची मुळे झिजलेल्या सिमेंटमध्ये रुतलेली असतात, खरवडताना शेवाळाबरोबर पत्र्याचा वरचा थर निघतो. प्रेशर वॉशरने तो थर पाण्याबरोबर भिंतीवर, अंगणात, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडतो आणि वाळल्यावर पुन्हा हवेत येतो.

शेवाळ दिसायला वाईट असले तरी गळतीचे कारण क्वचितच असते. पन्हळ तुंबत असेल तर फक्त पन्हळ साफ करा, तीही भिजवून, हाताने. छपरावरचे काढायलाच हवे असेल तर शेवाळनाशक हातपंपाने कमी दाबाने मारा, त्याला मरू द्या आणि बाकीचे पावसावर सोडा. फवाऱ्याचे पाणी विहिरीत उतरणार नाही हे आधी बघा.

चवथीच्या आधीच्या साफसफाईलाही हेच लागू. पत्र्याच्या खालच्या अंगाची जळमटे कोरड्या खराट्याने झाडू नका. काठीला ओले फडके गुंडाळा.

माटोळी, पंखा, डिश अँटेना, सोलर यांसाठी पत्र्याला भोक पाडले तर?

सपाट बोर्डाच्या छताला माटोळीसाठी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, हुक ठोकलेले असतात. वजन बोर्डावर घेऊच नका. वासा किंवा पर्लिन (पत्रे ज्यावर टेकतात तो आडवा आधार) शोधून तिथून दोरी किंवा साखळी सोडा. डिश अँटेना आणि कॅमेरा भिंतीवर घ्या. सोलर पॅनलची चौकट पत्र्यावर कधीही बसवू नये: पत्रा ते वजन घ्यायला बनलेला नाही आणि पुढे पंचवीस वर्षे त्यावर चढउतार होणार. आधी छप्पर बदला, मग सोलर.

भोक टाळताच येत नसेल तर हातड्रिल किंवा अगदी हळू फिरणारे ड्रिल घ्या. जागेवर शेव्हिंग क्रीम किंवा वॉलपेपर चिकटवायच्या खळीचा जाड गोळा लावा आणि त्यातूनच ड्रिल करा, भुगा त्यात अडकतो. तो ओल्या फडक्याने पुसून पिशवीत. अँगल ग्राइंडर मात्र कोणत्याही कारणाने नको. एक कापणी म्हणजे खोलीभर धूळ.

गळती थांबवायला एम-सील, डांबर, ताडपत्री यांतले काय चालेल?

बहुतेक गळती चिरेतून नव्हे, बोल्टाच्या वॉशरमधून होते. खाऱ्या हवेत हुक बोल्ट गंजतात, डांबरी वॉशर कडक होऊन फुटतात. पत्रा न हलवता ओले करून जुने वॉशर काढा आणि नवे घाला. नट आधी बोटांनी आवळा, मग जेमतेम अर्धा फेरा. जास्त आवळला की पत्रा तिथेच तडकतो. बारीक चिरेवर फायबर मेश आणि ॲक्रिलिक जलरोधक लेप चालतो. घासून पृष्ठभाग तयार करायच्या सूचना डब्यावर असतील, त्या या पत्र्यासाठी पाळू नका, फक्त ओल्या फडक्याने पुसा. ताडपत्री एका पावसाळ्यासाठी ठीक, पण ती दाबायला वर दगड आणि टायर ठेवू नका.

रंग किंवा लेप देऊन पत्रे वाचवता येतात का?

कडक, चिरा नसलेल्या पत्र्यांना येतात. अल्कली सहन करणारा प्रायमर आणि वर ॲक्रिलिक इलॅस्टोमेरिक लेपाचे दोन हात, रोलरने. अडचण अशी की रंगवायला माणूस वर जावा लागतो. तेव्हा पुढचा प्रश्न आधी वाचा.

पत्रे उतरवायचे ठरले. कसे उतरवावेत?

पहिला धोका ॲस्बेस्टॉसचा नाही, खाली पडण्याचा आहे. जुना सिमेंट पत्रा माणसाचे वजन घेत नाही, आणि 'बोल्टाच्या रांगेवर पाय ठेव' हा सल्ला भरवशाचा नाही. प्रकाशासाठी मध्ये घातलेले फायबरचे पत्रे तर शेवाळाखाली ओळखूच येत नाहीत. शक्य तिथे खालून, मचाणावर उभे राहून काम करा. वर जावेच लागले तर किमान दोन पर्लिनवर टेकणाऱ्या, दीड-दोन फूट रुंद फळ्या आणि वेगळ्या मजबूत आधाराला बांधलेला सेफ्टी बेल्ट हवा.

काम सकाळी लवकर घ्या. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की धूळ आवरत नाही. मुले, म्हातारी माणसे, कुत्री-मांजरे लांब. खालचे सामान हलवा, दारे-खिडक्या लावा, जमिनीवर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरा.

मास्क एफएफपी३ दर्जाचा, आयएस ९४७३ चा शिक्का असलेला, किंवा पी३ फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा. दाढीवर मास्क बसत नाही, फटीतून हवा येते. तोंडाला बांधलेला पंचा किंवा शस्त्रक्रियेचा मास्क म्हणजे काहीच नाही. एन-९५ नसण्यापेक्षा बरा, पण या कामाला पुरेसा धरू नका. अंगात टोपीचा डिस्पोजेबल सूट, पायात लेस नसलेले गमबूट, म्हणजे धुता येतात.

उतरवण्याचा क्रम बसवण्याच्या उलट. आधी छपराच्या माथ्यावरचे कोन्याचे पत्रे, मग वरची रांग, मग खालची, कारण वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असतो. आदल्या संध्याकाळी बोल्टांना गंज सोडवणारे तेल द्या. तरी नट फिरला नाही, आणि बहुधा फिरणार नाही, तर बोल्ट कटरने किंवा खालून हॅक्सॉने हुक कापा. पत्रा उचकटून काढू नका. आता जो पत्रा उतरवायचा तेवढाच भिजवा. सगळे छप्पर भिजवले तर वर घसरगुंडी होते.

तीन मीटरचा पत्रा कोरडा असताना सुमारे ४० किलो भरतो, भिजलेला त्याहून जड. दोन्ही टोकांना माणूस हवा आणि पत्रा अखंड खाली यायला हवा. खाली फेकायचा नाही, 'टेम्पोत मावत नाही' म्हणून मोडायचा नाही. रचलेले पत्रे प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून टेपने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असे लिहा.

शेवटी वासे, पर्लिन, भिंतीचा माथा ओल्या फडक्याने पुसा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या पिशवीतून तंतू मागच्या बाजूने बाहेर येतात. सूट आतून बाहेर उलटा करत काढा, मास्क सर्वांत शेवटी, मग आंघोळ. कामाचे कपडे घरच्या बादलीत गेले तर धूळ घरच्यांपर्यंत जाते. अशा कपड्यांमुळे कामगारांच्या बायकांना आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

वादळात पत्रे फुटून अंगणात पडले तर?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोव्यात झाडे पडून अनेक छपरे मोडली. अशा वेळी दुसऱ्या दिवशी झाडू मारून तुकडे गोणीत भरले जातात आणि कोपऱ्यात पडून राहतात. पाऊस चालू आहे तोवर तुकडे ओले असतात, तीच संधी. मास्क आणि हातमोजे घालून मोठे तुकडे हाताने उचला, बारीक कचरा वरच्या बोटभर मातीसकट खोऱ्याने भरा. गोणी विणलेली असते, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी लावा. आग लागली असेल तर पत्रे तापून फटाक्यासारखे फुटतात आणि तुकडे लांबवर उडतात. त्या वेळी शोधायचा परिसर मोठा धरा.

उतरवलेले पत्रे टाकायचे कुठे?

कुठे टाकू नयेत ते आधी: शेतात, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) बांधावर, रस्त्याच्या भरावात, पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात. कुंपण किंवा भाजीच्या वाफ्याची कड म्हणून पुन्हा वापरू नका, भंगारवाल्याला देऊ नका. साळगावचा कचरा प्रकल्प घरगुती कचऱ्यासाठी आहे, यासाठी नाही.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा समावेश आहे. वेर्णा, कुंडई, होंडा अशा औद्योगिक वसाहतीतली शेड उतरवायची असेल तर वाहतूक अधिकृत वाहनाने आणि नोंदीच्या कागदासह व्हायला हवी. ती जबाबदारी कारखान्याची आहे, ठेकेदारावर ढकलून संपत नाही. राज्यात घातक कचऱ्याची सामायिक सुविधा पिसुर्ले येथे आहे. घरगुती दहा-पंधरा पत्र्यांसाठी पत्रे उतरवण्याआधीच गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाला लेखी विचारा: स्वीकारणार का, कोणत्या बांधणीत, वाहतूक कोणाची. उत्तर येईपर्यंत पत्रे छपरावर असलेले बरे. अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेले पत्रे हमखास फुटतात.

त्यांच्या जागी काय घालावे?

रंगीत धातूचे पत्रे सर्वांत सोपे, पण एक गोष्ट हटकून सुटते. जुना सिमेंट पत्रा दर चौरस मीटरला सुमारे १३ किलोचा, ०.५ मिमी धातूचा चार-पाच किलोचा. छप्पर हलके झाले म्हणजे वाऱ्याने उचलले जाण्याचा धोका वाढला. वळचण आणि कोपऱ्यांजवळ स्क्रू जवळजवळ घ्या, आणि पर्लिन भिंतीत नीट जखडलेल्या आहेत का ते बघा. उष्णतेसाठी खाली इन्सुलेशन धरा, नाहीतर पहिल्याच एप्रिलमध्ये पश्चात्ताप होईल.

कौले घालायची हौस असेल तर उलटा हिशेब: वजन सिमेंट पत्र्याच्या तिप्पटीच्या आसपास, आणि उतार बराच जास्त लागतो. पत्र्यांसाठी केलेल्या मंद उताराच्या सांगाड्यावर कौले घातली की पाणी उलटे आत शिरते. सांगाडाच नवा करावा लागेल. जुन्या पत्र्यांवरच नवे धातूचे पत्रे चढवण्याचा प्रस्ताव फॅब्रिकेटर देतात. त्यात जुन्या पत्र्यांतून शेकडो भोके पाडावी लागतात आणि ॲस्बेस्टॉस तिथेच राहते, म्हणून आम्ही ते सुचवत नाही. फोंताइन्यशसारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर बाहेरून दिसणारा बदल करण्याआधी परवानगीची चौकशी करा.

छपराचे पाणी विहिरीत जाते. सिमेंटच्या पाईपातून नळाचे पाणी येते. प्यावे का?

पोटात गेलेल्या तंतूंमुळे आजार होतो असा ठोस, सुसंगत पुरावा नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पाईपामुळे घाबरू नका. झिजलेल्या छपराचे पाणी मात्र विहिरीपासून वळवा. टाकीच्या तळचा गाळ वाळू न देता काढा.

कापताना धूळ नाकात गेली. एक्स-रे काढू का?

एकदाच झाले असेल तर आज काढलेल्या एक्स-रेमध्ये काही दिसणार नाही. तारीख, काम आणि वेळ लिहून ठेवा, पुढे कधी छातीचा आजार झाला तर डॉक्टरांना ते सांगा. विडी-सिगारेट सोडा: ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज करण्याइतका नव्हे, त्याहून बराच जास्त वाढतो.

वर्षानुवर्षे पत्रे कापणारे, बॉयलर किंवा जहाजदुरुस्तीत काम केलेले यांची गोष्ट वेगळी. चालताना धाप, कोरडा खोकला असेल तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील छातीविकार विभागात जा आणि कामाचा पूर्ण इतिहास स्वतःहून सांगा. 'दम लागतो' एवढेच सांगितले तर दम्याचे औषध घेऊन परत याल. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने अधिसूचित व्यावसायिक आजार आहे, त्याची भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार ॲस्बेस्टॉस उद्योगाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा ती संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर, जपणे बंधनकारक आहे. कारखान्याने नोंदी नाकारल्या तर पणजीत आल्तिन्होवरील कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या.